विटेच्या तुकड्याने मारलेल्या फुल्या

तिचं नाव मला माहीत नाही. खरं तर ते विचारणं माझं कामच होतं.

लसीच्या सर्व्हेत घरातल्या सगळ्या पोरांची लस झाली असेल तर दारावर खडूने ‘पी’ लिहायचा, एखादं राहिलं असेल तर फुली मारायची. चिखलोलीच्या टॉवरमध्ये मी प्रत्येक बेल वाजवली. मागच्या वस्तीत मात्र उन्हाला वैतागून, कुणालाही न विचारता ‘पी’ लिहीत सुटले.

मागे वळून पाहिलं तर एक बाई ओल्या पदराने माझे ‘पी’ पुसत होती आणि विटेच्या तुकड्याने फुल्या मारत होती. कारखान्यात जीन्स धुऊन धुऊन तिचे हात कोपरापर्यंत निळे झाले होते.

“अहो, काय करताय?”

“तुमचं काम.” ती थांबली नाही. “मागच्या टायमाला पण असंच लिहून गेले. माझी पोरगी गोवराने गेली. गोवर टॉवरमधल्या पोरांना पण होतो ना, मॅडम? मग मरतात ती आमचीच का?”

“साहेब मला ओरडतील.”

“ओरडू दे. फुली बघून परत तर यावं लागेल!”

एका दारावरचा ‘पी’ तिने पुसला नाही. ते तिचं दार होतं.

“हा राहू दे. इथे आता लस द्यायला कोणी नाही. बाकीची दारं वाजवा.”