दही-लसूण पानात वाढा

आज दुपारी शेजारची मनीषा आली. तिला धड बसवत नव्हतं. योनीत खाज येते म्हणून सासूच्या सांगण्यावरून तिने आत दही आणि ठेचलेला लसूण लावला होता.

"आजी, कुणाला सांगू नका हं."

"डॉक्टरीणबाईंना तू सांगतेस की मी सांगू?" म्हणत मी तिला काळाचौकीच्या दवाखान्यात नेलं. बुरशीचा संसर्ग निघाला, औषध मिळालं. लसणाने भाजलं होतं, ते वेगळंच.

संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यात आम्ही कॉलेजच्या मुली घसा बसेपर्यंत घोषणा द्यायचो. पण हीच खाज मी आईलाही सांगितली नाही. तुरटीच्या पाण्याने धूत महिनाभर सोसली.

बायांनो, अजून कुणाला भिताय?

हे लिहिलेलं मनीषाला आधी दाखवलं. वाचून म्हणाली, "आजी, माझं नाव तसंच राहू द्या."