रविवारी दहाचा चेहरा

आमच्या शेजारच्या काकूंइतकं जवळून माणसाच्या तोंडाकडे बघणारं दुसरं माणूस अख्ख्या अंधेरीत सापडायचं नाही, आणि हे मी दातांचे डॉक्टर धरून सांगते आहे. दार उघडल्यावर लोक 'या' म्हणतात, पाणी विचारतात. काकू आधी तुमच्या नाकाकडे बघतात. तिथल्या कातडीची छिद्रं बघून समाधान झालं की मग 'ये, बस' म्हणतात. यात त्यांचाही फारसा दोष नाही. इथल्याच औद्योगिक वसाहतीत एका रंगाच्या कारखान्यात, तपासणी विभागात, त्यांनी एकतीस वर्षं काढली. रंग मारलेले हातभर पत्रे दिव्याखाली तिरके धरायचे आणि टाचणीच्या टोकाएवढं छिद्र दिसलं तरी 'फेल' असा शिक्का मारायचा, हे त्यांचं काम. काकू निवृत्त झाल्या, नजर झाली नाही. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी मुलाच्या लग्नात पार्लरमधून तयार होऊन आले होते. हातात अक्षता धरून काकू त्यांना म्हणाल्या, "पहिला हात वाळायच्या आत दुसरा मारलाय तुम्हाला. बघा, कपाळावर सुरकुतलाय." रंगाच्या थराला त्या जन्मभर हातच म्हणत आल्या, मग ती भिंत असो की कपाळ. सेक्रेटरी पुढचे दोन महिने जिन्यात भेटले की खाली बघून जायचे.

स्वतःच्या चेहऱ्याची मात्र काकूंनी कधी पर्वा केली नव्हती. नाकावर आणि गालांवर त्यांची छिद्रं चांगली ठसठशीत आहेत, कॉलेजात मुरमं आली होती तेव्हापासून. "माझा पत्रा मुळातच फेल," असं त्या खुशीत सांगत आणि टाल्कम पावडरचा एक फटका मारून बाजाराला जात. पासष्टी उलटेपर्यंत हे असंच चाललं. मग त्यांना कावीळ झाली. बऱ्या झाल्या, पण चेहरा उतरला तो उतरलाच. त्यांची एकुलती एक लेक सिडनीला असते. दर रविवारी सकाळी दहाला तिचा व्हिडिओ कॉल येतो. कावीळ उतरल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी तिने आईचा चेहरा पाहिला आणि जाहीर केलं, "बास झालं, आई. घर भाड्याने दे आणि इकडे ये." पुढच्या रविवारीही तेच, आणि त्याच्या पुढच्याही. काकूंना जायचं नव्हतं. हे घर त्यांनी स्वतःच्या पगारातून घेतलेलं, काका गेल्यावर एकटीने सावरलेलं, त्याच्या प्रत्येक भिंतीला रंगाऱ्याच्या डोक्यावर उभं राहून रंग लावून घेतलेला. "तिकडे जाऊन मी काय करू? ती आणि जावई कामाला जाणार आणि मी भिंती बघत बसणार, त्याही दुसऱ्याने रंगवलेल्या," असं त्या मला म्हणाल्या. मी विचारलं, मग काय करणार? काकू म्हणाल्या, "तिला माझा चेहरा दिसतो ना फक्त? मग चेहरा दुरुस्त करायचा."

झालं. दुसऱ्या दिवशी काकू मला घेऊन मॉलमध्ये गेल्या. तिथल्या काउंटरवरच्या मुलीने त्यांच्यापुढे मिनरल मेकअपची एक डबी ठेवली. काकूंनी चष्मा वर सरकवून मागची बारीक अक्षरं वाचली आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला. "अगं, झिंक ऑक्साइड, टायटॅनियम, आयर्न ऑक्साइड, अभ्रक. हे तर आमचंच सामान!" एकतीस वर्षं जे पोत्यांनी पाहिलं ते इथे चिमटीभर मिळत होतं. मुलगी उत्साहाने म्हणाली, "आंटी, ये लगाओगे ना तो ओपन पोअर्स एकदम बंद हो जाएंगे." काकूंनी डबी खाली ठेवली. "बेटा, पोअर क्या दुकान है? उसको शटर होता है क्या? वो जितना है उतनाच रहता है. दिखना नहीं चाहिए, बस. तुम्हारा भी दिख रहा है, नाक के बाजू में." मुलगी आरशाकडे वळली आणि आम्ही डबी आणि एक जाड केसांचा ब्रश घेऊन बाहेर पडलो.

पहिल्या रविवारी काकूंनी भिंत रंगवल्यासारखी पावडर लावली. कॉल लागला, कॅमेरा जवळ आला, आणि त्यांच्या नाकावर घावनासारखी जाळी पडलेली मला फोनच्या मागूनसुद्धा दिसली. फोन धरायचं काम माझं होतं, कारण काकू बोलताना दोन्ही हात वापरतात. लेक म्हणाली, "आई, नाकाला काय झालं? अंगावर काही उठलंय का? उद्याच्या उद्या डॉक्टरकडे जा." कॉल संपल्यावर दुसरी कोणी असती तर डबी फेकून दिली असती. काकूंनी दोनशे पानी वही काढली, वर तारीख घातली आणि खाली लिहिलं, 'फेल'.

त्यानंतर पुढचे कित्येक आठवडे त्या घराची प्रयोगशाळा झाली होती, आणि प्रयोगाचा उंदीर मी. ऑफिसला निघाले की काकू जिन्यात अडवायच्या, "दोन मिनिटं, डावा गाल दे." उजव्या गालावर एक पद्धत, डाव्यावर दुसरी, आणि संध्याकाळी परत आले की टेबललॅम्प तिरका धरून तपासणी. दिवसभर ऑफिसात मी दोन रंगांची हिंडत असे. यातून हळूहळू काकूंचे कायदे तयार झाले. तोंड धुऊन क्रीम लावायचं आणि पुरती दहा मिनिटं थांबायचं, ओल्यावर पावडर म्हणजे गिलावा. पावडर डबीच्या झाकणात अगदी चिमूटभर घ्यायची, ब्रश त्यात फिरवून झटकायचा आणि मग छोट्या छोट्या गोलांत चेहऱ्यावर मुरवायची, थापायची नाही. चकाकणारी डबी घरात आणायची नाही, कारण अभ्रक जास्त झालं की खिडकीच्या उजेडात खड्डा आणखी खोल दिसतो. नाकावर तेल आलं तर वरून पावडर नाही मारायची, कागदाने नुसतं टिपायचं. "लोक इथेच चुकतात. छिद्र दिसलं की बुजवायला जातात, आणि भर सगळी काठावर बसते," काकू सांगायच्या, आणि वर म्हणायच्या, "पातळ हात मार आणि सोडून दे." हे सगळं जमलं तरी अडचण होतीच. पंखा लावला की पावडर उडते, बंद केला की आपल्या हवेत पाच मिनिटांत घामाचे ओघळ. काकूंनी त्यावरही तोड काढली. पंखा बंद, आणि चेहरा झाला की तीन मिनिटं उघड्या फ्रिजसमोर स्टुलावर. मी एकदा सकाळी सहज गेले तर काकू कोथिंबीर आणि दह्याच्या पातेल्यासमोर डोळे मिटून बसलेल्या. ऑफिसच्या कार्यक्रमाच्या दिवशी मलाही त्यांनी तसंच बसवलं. मला पाऊण तास उशीर झाला, साहेबांचं बोलणं खावं लागलं, पण तीन जणींनी 'रजेवर होतीस का गं? किती ताजी दिसतेस!' असं विचारलं. काकूंना सांगितल्यावर त्या नुसतं 'हं' म्हणाल्या आणि वहीत काहीतरी लिहिलं.

आणि मग एका रविवारी ते जमलं. सकाळी नऊपासून काकू कामाला लागल्या होत्या. दहाला पाच कमी असताना फ्रिजसमोरून उठून त्या खिडकीत आल्या आणि मी बघतच राहिले. चेहऱ्यावर काही लावलंय असं सांगूनही पटलं नसतं. पिवळटपणा गेला होता, नाक कसं शांत दिसत होतं. त्यांनी आरसा हातात घेतला, लॅम्प तिरका धरला, डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं आणि कारखान्यातल्या एकतीस वर्षांच्या आवाजात म्हणाल्या, "पास." कॉल लागला. लेक म्हणाली, "आई, किती छान दिसतेस गं. खरंच बरी झालीस." इकडे ये हा शब्दसुद्धा तिने काढला नाही. मी फोनमागून अंगठा दाखवला. काकू जिंकल्या होत्या. आता गप्पा मारायच्या आणि फोन ठेवायचा, एवढंच राहिलं होतं.

पण काकू फोनच्या जवळ सरकल्या. आणखी सरकल्या. चष्मा वर गेला.

"मान खाली का घालतेस? उजेडाकडे बघ."

"काही नाही गं. तू बोल ना."

"डोळ्यांखाली दोन हात मारलेत तू. आणि खालचा वाळू दिला नाहीस."

"आई, ऑफिसचा कॉल होता, म्हणून लावलं."

"रविवारी?"

लेकीने खुर्ची मागे सरकवली. काकू म्हणाल्या, "जा, तोंड धुऊन ये."

"काहीतरीच काय तुझं."

"मी पण धुते. दोघी धुऊ. जा."

आणि काकू उठून खरंच गेल्या. तासाभराची मेहनत, इतक्या आठवड्यांची वही, सगळं नळाखाली. मी फोन धरून काकूंच्या जागेच्या बाजूला येऊन उभी. फोनवर सिडनीची एक रिकामी खुर्ची आणि पडदा, आणि दोन्हीकडून पाणी वाहत असल्याचा आवाज. मग दोघी परत आल्या, पदराने आणि टॉवेलने तोंड पुसत. मायलेकींचं नाक एकच आहे हे मला इतक्या रविवारांत पहिल्यांदाच कळलं. लेकीच्या डोळ्यांखाली मात्र काळं पडलं होतं, चांगलं रुपयाएवढं.

"तो इथे राहत नाही, आई," ती म्हणाली. "गणपतीच्या आधीच गेला. तू आजारी होतीस, तुला कसं सांगणार? म्हणून रविवारी लावून बसायचे."

काकूंनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग म्हणाल्या, "आणि मला तिकडे ये, तिकडे ये म्हणत होतीस ते?"

लेकीने टॉवेल तोंडावर धरला.

"मग तसं सांगायचं ना, शहाणे. मी उगाच इतके महिने नाक घासत बसले." काकूंनी पदर पुन्हा एकदा तोंडावरून फिरवला. "तिकीट काढ. माझं मी बघते बाकीचं."

मी त्यांच्याशी त्या दिवशी भांडले. म्हटलं, काकू, जिंकला होतात तुम्ही, आता ती बोलवणारसुद्धा नव्हती. त्या कपाटातून पासपोर्ट शोधत होत्या. "म्हणूनच जायचं," एवढंच म्हणाल्या. महिनाभर कागदपत्रांसाठी त्यांनी जेवढ्या खिडक्यांवरच्या जेवढ्या माणसांना भंडावलं, तेवढी सगळी माणसं काकू विमानात बसल्याचं ऐकून सुटकेचा निःश्वास टाकत असतील. मला मात्र तसं काही वाटलं नाही. किल्ली माझ्याकडे देऊन गेल्यात. भिंतींना ओल धरू नये म्हणून आठवड्यातून एकदा सगळ्या खिडक्या उघडायच्या, असं बजावून.

मी रविवारी जाते. खिडक्या उघडते, पंखा लावते आणि जरा वेळ त्यांच्या स्वयंपाकघरात बसते. तिथे बसलेली असतानाच गेल्या आठवड्यात त्यांचा मेसेज आला. काकू मेसेज पाठवतात ते पोस्टाच्या तारेसारखे, नमस्कार नाही की कशी आहेस नाही. लिहिलं होतं, 'काल आठ तास झोपली.' मी ते तीन-चारदा वाचलं आणि एकटीच रडले. काकू परत याव्यात असं मला रोज वाटतं. आणि इतक्यात येऊ नयेत असंही.