पाटणकर मॅडमच्या कॉलमना नावं कुणी दिली?

मी संख्याशास्त्र शिकलेली बाई. भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की उठून चहा टाकायला जाणारी. पण हे माझ्याच टेबलावर घडलं, म्हणून लिहितेय...

गोष्ट २००३-०४ च्या सुमाराची. नाशिकला गंगापूर रोडवर एका छोट्या आरोग्य संस्थेच्या ऑफिसात मी कामाला होते. आमची माणसं इगतपुरीकडच्या पाड्यांवर जाऊन लहान मुलांची वजनं-उंच्या घेऊन यायची. पाटणकर मॅडम त्याचं विश्लेषण करायच्या आणि सॉफ्टवेअरचं आउटपुट मी एक्सेलमध्ये घेऊन नीट मांडायचे. त्या सॉफ्टवेअरमध्ये तेव्हा नाव आठ अक्षरांपुढे जायचं नाही. त्यामुळे कॉलमवर ‘डब्ल्यूटीजी-टू’ असलं काहीतरी यायचं. त्याचा अर्थ फक्त मॅडमना ठाऊक. त्या सांगायच्या, मी टाइप करायचे. पूर्ण नाव ठळक, खालच्या ओळीत ग्रॅम की सेंटिमीटर ते, गावाचा कॉलम ऐसपैस आणि आकड्यांचे सगळे एकसारखे. एखादा जरा अरुंद राहिला तरी तक्ता परत पाठवायच्या.

असंच एक आउटपुट काढून झालं आणि मॅडमना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली.

पावसाळ्याआधी कुठल्या पाड्यांवर पोषण केंद्रं उघडायची, ते त्या तक्त्यावरून ठरणार होतं. आणि माझ्यासमोर नुसती आकड्यांची रांग – कुठला कॉलम कशाचा, काही कळेना. प्रिंट घेऊन मी त्यांच्या घरी गेले. मॅडमनी कागदाकडे बघितलं आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. त्यांची सून वृषाली हळूच म्हणाली, “ताई, आज राहू द्या.”

दुसऱ्या दिवशी बाकी सगळे इगतपुरीला गेले होते. दुपारी ऑफिसला कुलूप लावून मी घरी जेवायला गेले. परत आले, कुलूप उघडलं, मॉनिटर लावला...

प्रत्येक कॉलमला नाव होतं. पूर्ण, ठळक, खाली एकक. रुंदी अगदी मॅडमची.

दुसरी किल्ली मॅडमच्या घरी असायची. ती कुणी नेली का ते विचारावं म्हणून फोनकडे हात नेला, तर तोच वाजला. वृषाली होती. रडत होती की हसत होती, कळत नव्हतं.

“ताई, आईंचा उजवा हात हलला. आत्ता दुपारी. चादरीवर बोटं चालवत होत्या... टाइप केल्यासारखी.”

मी किल्लीचं विचारलं. ती त्यांच्या घरी खुंटीवरच होती.

त्या नावांवर मी डोळे मिटून विश्वास ठेवला नाही. मुलांचे मूळ फॉर्म काढले, कॅल्क्युलेटर घेऊन हिशेब केला. जुळला. एक नाव तर मला चुकीचंच वाटलं होतं – ‘वजनवाढ, आजारपणाचे दिवस वगळून’. तसं करून बघितलं, तेही जुळलं. तक्ता पाठवला, केंद्रं वेळेत सुरू झाली.

मॅडमचा हात हळूहळू सुधारला. मग तुटक शब्द यायला लागले. वर्षभराने त्यांच्या अंगणात बसून मी त्यांना सगळं सांगितलं. मला वाटलं, हसतील. पण त्या एकेक शब्द जुळवत म्हणाल्या, “तुझी ती... निळी खुर्ची. फार खाली आहे गं. पाठ... दुखली माझी.”

ती खुर्ची त्या दुपारच्या दोनच दिवस आधी ऑफिसात आली, तेव्हा मॅडम अंथरुणावर होत्या. त्यांनी ती पाहिलेलीच नव्हती.

याचं उत्तर कुणी दिलं तर ऐकेन. मॅडम पुढे आठवड्यातून दोन दिवस ऑफिसला यायला लागल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी माझा एक तक्ता परत पाठवला – तिसरा कॉलम अरुंद होता. मी बाहेर जाऊन सगळ्यांसाठी पेढे घेऊन आले.