तालावर हललेली मान

पाच महिने माझी आई स्वतःला विसराळू समजत होती, आणि तसं तिला मी पटवून दिलं होतं. एवढं सुरुवातीलाच सांगून टाकतो. नाहीतर सॅम्पलर, पॅड, लूप असलं सांगत बसून मी मूळ गोष्टीला बगल देईन. मला ती सवय आहे.

वरठीला घरात आम्ही दोघंच. वडील जाऊन सहा वर्षं झाली. लग्न मी केलं नाही, आणि का केलं नाही हे विचारणाऱ्यांना उत्तर देणंही सोडून दिलं आहे. स्टील प्लांटमध्ये शिफ्टची नोकरी, आणि उरलेल्या वेळात कीबोर्ड. जयंतीचे कार्यक्रम, लग्नं, कुठे बोलावलं तर गाण्यांचा ग्रुप. मागच्या वर्षी नागपूरच्या एका वादकाकडून मी त्याचा जुना सॅम्पलर घेतला. मिठाईच्या डब्याएवढं यंत्र. वर सोळा रबरी पॅड, एक बोटभर स्क्रीन आणि बघावं तिकडे बटणं. त्यात कुठलाही आवाज भरायचा, हवा तेवढा कापायचा, पॅडवर बसवायचा. मग बोटांनी जे वाजवाल ते त्यातला सिक्वेन्सर लक्षात ठेवतो आणि थांबवेपर्यंत वाजवत राहतो. आठ दिवसांत हात बसेल असं मला वाटलं होतं. महिना झाला तरी साधं सेव्ह कुठून करायचं ते सापडत नव्हतं. एकदा आईने मिक्सर लावायला म्हणून माझा प्लग काढला आणि दोन तासांचं काम गेलं. मी असा ओरडलो की शेजारच्या काकू कंपाउंडवरून डोकावल्या. सेव्ह न करण्याची चूक माझी होती, पण ओरडा खाल्ला आईने.

तरी तिला त्या यंत्राची गंमत वाटायची. घरातल्या वस्तूंचे आवाज घ्यायचे असं मी ठरवलं होतं. दाराची कडी, पालथी बादली, पितळी लोटा, सगळ्यांवर माझा मायक फिरत होता. ती म्हणायची, "भांडे वाजवाले यंत्र कायले पाहिजे रे बाबू? मी रोजच वाजवते, तवा तं तू कावते."

त्या बुधवारी मला सुट्टी होती. आई मागच्या सपरीत, म्हणजे पडवीत, भिंतीला टेकून, पाय लांब करून चिन्नोर तांदूळ पाखडत होती. गुडघ्यांमुळे तिला मांडी घालता येत नाही. सुपातले तांदूळ वर जाताना बारीक छर्र व्हायचं, खाली येताना थप. मी जेवता जेवता ते ऐकलं आणि ताट तसंच ठेवून उठलो. गाण्यात मागे जो खुळखुळा वाजतो ना, त्याच्या जागी हा आवाज बसला असता. मायक तिच्या सुपाजवळ आणला, हेडफोन कानाला लावला आणि रेकॉर्ड दाबलं.

इथे माझं अर्धवट शिक्षण नडलं. मायकमधून येणारा आवाज हेडफोनमध्ये कसा ऐकायचा, ते मला तेव्हा येत नव्हतं. कानात फक्त मी बनवलेला ढोलकीचा लूप वाजत होता, तोही फुल. सूप नीट भरतंय की नाही ते मी स्क्रीनवरच्या वरखाली होणाऱ्या पट्टीवरून बघत होतो. ढोलकी छान लागली होती, मान आपोआप डोलत होती. आई मध्येच माझ्याकडे बघून काहीतरी बोलली. हे मला दिसलं. दिसलं नव्हतं असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं, पण दिसलं होतं. तिचे ओठ हलत होते आणि मला वाटलं, तांदळातल्या खड्यांना बोलत असेल. हेडफोन काढून 'काय गं?' विचारायला कितीसा वेळ लागला असता? मी बघितलं पट्टीकडे, आणि मान हलत राहिली.

नंतर मी त्या रेकॉर्डिंगचे सुरुवातीचे चार ठोके कापून घेतले. पुढचं ऐकलंसुद्धा नाही. चार ठोके पुरे होते.

रविवारी सकाळी "येतो मी जाऊन" म्हणत मोटरसायकल स्टेशनवर लावली आणि नागपूरची गाडी पकडली. ज्याच्याकडून यंत्र घेतलं होतं, तो त्या दिवशी मला सिक्वेन्सर शिकवणार होता. त्याने बरंच शिकवलं. आपण वाजवताना मागेपुढे पडलेले ठोके यंत्र एका बटणावर कसे ओळीत लावतं ते दाखवलं, आणि सगळेच ओळीत लावले तर गाणं कसं मरतं तेही दाखवलं. मी त्याला सुपाचा लूप ऐकवला. खोलीत अजून दोघं वादक बसले होते. तिघांनी विचारलं, हा आवाज कशाचा? मी मुद्दाम थोडा वेळ सांगितलं नाही. मग ऐटीत म्हणालो, "माझ्या आईचं सूप." त्यांनी माझी पाठ थोपटली. दुपारी आईचे दोन फोन आले होते. जेवायचं विचारत असेल म्हणून मी दोन्ही कट केले.

घरी पोचलो तेव्हा सहा वाजले होते. आई बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसली होती. अंगावर ठेवणीतली साडी, पायाशी कापडी पिशवी.

"काहून रे, कुठं गेलता?"

"नागपूरले. अन तू कुठं चालली?"

"मावशीकडं जायचं होतं ना आज. उद्या तिले पोरगा पुन्याले घेऊन जाऊन राहिला."

मावशी म्हणजे तिची सख्खी मोठी बहीण, साकोलीला राहायची. वय झालेलं, दम्याने बेजार. एकुलता एक मुलगा पुण्यात. तो तिला कायमची न्यायला आला होता.

"मंग मले सांगितलं काहून नाही?" मी म्हणालो.

"बुधवारी म्हटलं ना बाबू. तू हो म्हनला."

"मी? मी हो-बी नाही म्हटलं अन नाही-बी नाही म्हटलं. तू मले काहीच म्हटलं नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. "म्हटलं रे मी," एवढंच म्हणाली, पण आवाज आधीपेक्षा बारीक. तिथे थांबायला हवं होतं. पण मी गाडीतून उभ्याने आलो होतो, दिवसभराचं कौतुक डोक्यात होतं, आणि आल्या आल्या आरोप. मी म्हणालो, "तुले आजकाल आठवत नाही आई. आजीसारखं होऊन राहिलं तुझं."

आजी म्हणजे आईची आई. शेवटची तीन वर्षं ती पोटच्या मुलींनाही ओळखत नव्हती. दोघी बहिणींनी आळीपाळीने तिचं सगळं केलं. आईला जगात एकाच गोष्टीची भीती आहे, आणि ती मला ठाऊक होती.

तिने मावशीला फोन लावला. माझ्यासमोरच म्हणाली, "बाई, मीच इसरली वो. पोट्ट्याले सांगितलंच नाही मी. मले वाटलं सांगितलं."

तेव्हासुद्धा निघता आलं असतं. वरठी ते साकोली फार तर दीड तास. मावशी सकाळी निघणार होती. आईला बसची पायरी चढायला हात लागतो, पण माझ्या गाडीवर ती एका बाजूने व्यवस्थित बसते. मी म्हणालो, "आता कुठं जातं, माही उद्या फस्ट शिफ्ट आहे." मावशी सोमवारी पुण्याला गेली. चार महिन्यांनी तिकडेच वारली. तिच्यामागे झालेल्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी एकटा जाऊन आलो. एवढ्या लांबचा प्रवास आईला जमण्यासारखा नव्हता.

त्या रविवारपासून आई बदलली. हे मला लगेच कळलं नाही, किंवा कळलं आणि मी ते वयावर ढकललं. मीठ टाकलं का, गोळी घेतली का, दार लावलं का, असं ती मलाच विचारायला लागली. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर वाकड्या अक्षरात लिहून ठेवायला लागली. विहारात पौर्णिमेला वंदना म्हणताना पुढचा आवाज तिचा असायचा, लहानपणापासून मी तोच ऐकत आलो. ती मागे जाऊन बसायला लागली. कोणी आग्रह केला तर म्हणायची, मधातच इसरली तं? मी ते ऐकून तिला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, तसं काही दिसत नाही, काळजी करू नका. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "त्याहीले काय मालूम, घरी तं तू राहतं माह्यासंग."

मावशी वारल्यानंतर महिनाभराने सॅम्पलरचं मेमरी कार्ड भरलं. नको ते पुसून टाकायला म्हणून एका दुपारी मी सगळ्या जुन्या फाईली एकेक ऐकत बसलो. सुपाची फाईल आली. चार ठोके, जे मी शंभरदा वाजवले होते. ते संपले, सूप चालूच राहिलं, आणि सुपामागून आईचा आवाज आला.

"आयकून राहिला का बाबू? मावशीले सोमवारी घेऊन चालला तिचा पोरगा. आता कायची येते ती वापस. रईवारी नेशीन का मले साकोलीले? बसची पायरी चढनं होत नाही एकटीले. हा चिन्नोर तिच्याचसाठी करून राहिली, तिकडं भेटत नाही म्हने असा." मध्ये नुसतंच सूप. मग, "नेशीन ना?" पुन्हा सूप. मग समाधानाने, "बरं."

मी काय उत्तर दिलं होतं ते रेकॉर्डिंगमध्ये नाही. मान हलल्याचा आवाज होत नाही.

मला फार लाज वाटली. पण ती वाटली म्हणून मी उठून आईकडे गेलो असं झालं नाही. फाईल पुसायचा विचार केला, हेही सांगतो. मावशी आता नाही, ऐकवून काय साधणार, उगाच आईला त्रास, अशी सगळी कारणं मी तयार केली. आठ दिवस काढले. मग एकदा शिफ्ट अर्ध्यात सुटली आणि मी अवेळी घरी आलो. आई खुर्चीत बसून कोरडे मुरमुरे खात होती. भाजी चिरलेली, कणीक मळलेली, गॅस बंद. विचारलं तर म्हणाली, तू घरी नसला की मी गॅस पेटवतच नाही, बंद करनं राहून गेलं तं? किती दिवसांपासून? "लय दिवस झाले."

मी आतून सॅम्पलर आणला, छोटा स्पीकर जोडला आणि तिच्यासमोर टेबलावर ठेवला.

"हे तं माह्यं सूप होय," ती लगेच म्हणाली. मग तिचा आवाज सुरू झाला आणि ती मुरमुऱ्यांची वाटी हातात धरून थिजली. संपल्यावर म्हणाली, "पुन्हा लाव." मी पुन्हा पॅड दाबला. तिने तीनदा ऐकलं.

"म्हनजे मी म्हटलं होतं."

"हो आई. म्हटलं होतं. मी कानात लावून गानं आयकत होतो, मान हलवत होतो. तुले वाटलं हो म्हटलं."

"बुधवारीच म्हटलं होतं."

"हो."

"मंग माह्यं डोकं बरोबर आहे," ती म्हणाली आणि हसली. मी शिव्या खायच्या तयारीत बसलो होतो. चार थोबाडीत बसल्या असत्या तरी चाललं असतं. ती खरोखर आनंदाने हसत होती, डोळ्यांतून पाणी येत होतं आणि पदराने ती तोंड पुसत होती. एवढी भीती ती माझ्यासोबत एका घरात पाच महिने एकटी वागवत होती, हे मला त्या हसण्यावरून कळलं.

मग हसू थांबलं. "पन बाईले तं मी म्हटलं, मी इसरली म्हनून. ते तसंच समजून गेली."

मी स्पीकर बंद केला.

"तिच्या पोराले फोन लाव," ती म्हणाली. "आत्ता. माह्यासमोर सांग त्याले."

मी लावला. मावसभाऊ ऑफिसात होता. मी सांगायला लागलो की त्या रविवारी आई विसरली नव्हती, चूक माझी होती. मध्ये अडखळलो तर आई बाजूने म्हणाली, "पुरं सांग." मी पुरं सांगितलं, हेडफोन, मान, नागपूर, सगळं.

"जाऊ दे ना बाबू," मग तो म्हणाला. "तू लहान आहे म्हनून सांगतो, मावशीले, तुह्या आईले, नको सांगजो. माही आई त्या दिवशी जेवली नाही. दोघींचे ताटं वाढून ठेवले होते. मी लय म्हटलं, तं म्हने, बहीन आल्यावर संगंच बसते. तुमचा फोन आला तवा तिनं दोन्ही ताटं झाकून ठेवले."

मी फोन ठेवला. आई माझ्या तोंडाकडे बघत होती.

"काय म्हनला?"

"जाऊ दे म्हनला."

"अजून?"

"अजून काही नाही," मी म्हणालो, आणि तिने ते खरं मानलं.