शनिवारची फेरी

“मास्तर, उद्याच्या प्रभुभोजनाला तुमी येऊ नका.”

आमच्याच ओसरीवर बसून, आमचाच चहा पिऊन, सगुणामावशी हे माझ्या पप्पांना म्हणाली होती.

मी तेरा वर्षांची होते. पप्पा जवळा बाजारच्या शाळेत मास्तर, चर्चच्या मंडळीचे पंच, रविवारी उपासनेत पेटी वाजवणारे. मावशी चौथी शिकलेली बायबलबाई.

आज पहाटे मावशी गेली. किती वर्षांची होती, ते तिलाही नक्की ठाऊक नव्हतं.

मी हे बसमध्ये लिहिते आहे. ही पोस्ट तिच्यासाठी आहे.
आणि माझ्या दादासाठी, जो चार वर्षांपासून माझ्याशी बोलत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते. बायबलबाई म्हणजे घरोघर जाऊन बायकांना शास्त्र वाचून दाखवणारी, आजाऱ्याजवळ बसणारी बाई. मावशीनं आणखी एक काम अंगावर घेतलं होतं. ते तिला कुणी दिलं नव्हतं.

महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे प्रभुभोजन असायचं. चर्चमध्ये भाकर आणि द्राक्षरस वाटून घेण्याचा हा विधी, मनात वैर ठेवून त्याला बसायचं नसतं. आदल्या शनिवारी ती सगळ्या ख्रिस्ती घरांची फेरी करायची आणि प्रत्येक दारात एकच विचारायची, कुणाशी बोलणं बंद आहे का?

असेल तर म्हणायची, चपला घाला. दोघांना समोरासमोर बसवूनच उठायची.

तिला गल्लीत शिरताना पाहून सासवा-सुना घाईघाईनं एकमेकींशी गोड बोलायला लागायच्या.

त्या शनिवारी ती पप्पांसाठी आली होती.

त्याच्या महिनाभर आधी पप्पांचं घड्याळ हरवलं होतं. आमच्याकडे भांडी घासायला तांड्यावरून शेवंताकाकी यायची. पप्पांनी तिच्यावर आळ घेतला. तोही घरात नाही, बाजाराच्या दिवशी, भर रस्त्यात.

तांड्यावरची म्हटल्यावर कुणी पुरावा मागितला नाही. आठवड्याभरात तिची बाकीची चार घरंही सुटली.

मग घड्याळ सापडलं. पेटीच्या खोक्यात.
वाजवताना पट्टा अडतो म्हणून पप्पांनीच ते काढून तिथं ठेवलं होतं.

पप्पा वाईट माणूस नव्हते. ते खरंच हादरले. पुढच्या रविवारी उपासनेत उभं राहून त्यांनी साक्ष दिली, देवापुढे चूक कबूल केली, रडले. मंडळी रडली. पाळकसाहेबांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला.

आम्हाला वाटलं, झालं.

मावशीला तसं वाटलं नाही.

पप्पा तिला म्हणाले, मी सगळ्यांदेखत प्रभूची माफी मागितली आहे.

“मागितली की. म्या बी रडले. पन आळ काय प्रभूवर घेतला व्हता?”

आत मम्मीच्या तव्यावरची पोळी करपत होती आणि कुणीच उठत नव्हतं.

मग पप्पांनी सायकल काढली. मागे कॅरिअरवर मावशी. त्यांच्या मागे धावत मी.

शेवंताकाकी दारात तूर पाखडत होती. पप्पांनी हात जोडले. तिनं सूप खाली ठेवलं नाही. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली,

“इथं काहून सांगून राहिले, मास्तर? इथं समद्यायला ठाव हाय. बाजारात सांगा.”

मावशी म्हणाली, बराबर आहे बाईचं.

दुसऱ्या दिवशी पप्पा प्रभुभोजनाला गेले नाहीत.

बाजाराच्या दिवशी ते त्याच रस्त्यात उभे राहिले आणि सांगितलं. मग त्या चारही घरी जाऊन सांगितलं. एक दुकानदार हसला, मास्तर, कामवालीची माफी मागता व्हय? पप्पा म्हणाले, हो.

शेवंताकाकी आमच्याकडे कामाला परत कधीच आली नाही. तो तिचा हक्क होता.

पण निवृत्त होईपर्यंत पप्पा दर जूनमध्ये तांड्यावर जाऊन मुलींची नावं शाळेत घालत राहिले. पहिल्या वर्षी त्यांना घरोघर घेऊन शेवंताकाकीच हिंडली.

पुढच्या महिन्यात पप्पा प्रभुभोजनाला आले तेव्हा मावशीनं सतरंजीवर सरकून त्यांना जागा दिली. त्या दिवशी पेटी वाजवताना ते दोनदा चुकले. दोन्ही वेळा हसले.

आता माझं.

चार वर्षांपूर्वी मम्मी गेली. मी पुण्याहून पोचले तेव्हा सगळं संपलं होतं. मातीहून परत आल्यावर, घरभर नातेवाईक बसलेले असताना, मी दादाला म्हणाले,

“तू वेळेवर दवाखान्यात नेलं असतंस, तर ती जगली असती.”

त्याआधी तीन वर्षं मम्मी अंथरुणावर होती; त्यानं तिचं अंग पुसलं होतं, तिला भरवलं होतं. मी व्हिडिओ कॉल करायचे.

नंतर मी खूप प्रार्थना केली. उपवास केले. मन हलकं झालं, असं स्वतःला सांगत राहिले.

यंदा नाताळात मावशीचा फोन आला. हट्टा गावी दादाकडे जाऊन आली का, तिनं विचारलं. मी म्हणाले, रोज प्रार्थना करते, मावशी.

ती हसली.

“बापावर गेली बाई तू. पुन्हा प्रभूलाच तकलीफ देऊन राहिली.”

येत्या सुट्टीत जाते म्हणाले.
गेले नाही.

सगुणामावशी, लई फिरलीस. आता बस जरा. सलाम.

दादा, तू माझा नंबर ब्लॉक केला आहेस. तुझी लेक तुला हे वाचून दाखवेल.

मी त्या दिवशी सगळ्यांसमोर बोलले ते खोटं होतं. मी उशिरा पोचले होते आणि दोष द्यायला मला कुणीतरी हवं होतं. मम्मी ती तीन वर्षं जगली ती तुझ्यामुळं. त्या दिवशी घरात असलेले बहुतेक सगळे इथं फेसबुकवर आहेत. त्यांनीही हे वाचावं.

उद्या मावशीचा दफनविधी झाला की मी हट्ट्याला येईन.

तू नाही म्हणशील. तुझ्या जागी मीही म्हणाले असते.

तरी विचारते. पाच मिनिटं दारात उभं राहू देशील?