सम्याचा शेवटचा रिव्ह्यू

सम्या पहाटे गेला, आणि दुपारपर्यंत लोक त्याला शिव्या देत होते.

त्यांना माहीत नव्हतं. फोन त्याच्या आईच्या पिशवीत होता आणि वाजत होता.

आज वर्ष झालं.

ज्यांना सम्यक माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. तळेगावजवळच्या आंबी गावचा पोरगा. चाकणला आम्ही एकाच कंपनीत, तो क्वालिटीला, मी स्टोअरला. तळेगावातून बस सुटली की शेजारी बसायचा आणि कंपनीचं गेट येईपर्यंत सुपरहिरोंवर बोलायचा.

लहानपणी लोणावळ्याला मामाकडे जायचा तेव्हा रद्दीवाल्याकडून कॉमिक्स आणायचा. बहुतेकांची शेवटची पानं फाटलेली.
शेवट मग हा स्वतः ठरवायचा. आणि तोच खरा म्हणून आपल्याशी भांडायचा.

गेम खेळतानाही तसाच. मिशन सोडून घोड्यावर डोंगरात फिरत बसायचा.
"अरे, जग वाचव की आधी!"
"वाचवतो रे. कसलंय ते बघू तर दे."

पिक्चरच्या बाबतीत मात्र दयामाया नाही.
"एवढी मोठी बिल्डिंग पाडली. खाली कोण होतं? एक तरी माणूस दाखवा ना!"

गेल्या वर्षी तो सुपरहिरोचा मोठा पिक्चर आला, त्याची सगळ्या गावाने वर्षभर वाट पाहिली होती. सम्या अंगात ताप घेऊन फर्स्ट डे गेला. दुसऱ्या दिवशी अंथरुणात पडल्या पडल्या त्याने फॅन ग्रुपवर लिहिलं:

"हिरोचा बाप मरतो. पुढच्याच सीनला हिरो जोक मारतो आणि अख्खं थिएटर हसतं. बाप मेल्यावर कुणी हसतं का? लिहिणाऱ्याच्या घरातलं कधी कुणी गेलेलं दिसत नाही."

झालं. फॅन लोक तुटून पडले. अक्कल काढली, गाव काढलं, नको नको ते काढलं.

मी दवाखान्यात गेलो तर एका हाताला सलाईन आणि दुसऱ्या हाताने पठ्ठ्या उत्तरं देतोय.
"सम्या, झोप आता."
"थांब रे. हा एक लय बोलतोय."

डेंग्यू होता. प्लेटलेट्स पडत गेल्या. मग त्याला फोन धरवेना.
मग आयसीयू.
मग आम्ही सगळे बाहेरच्या बाकड्यावर.

सम्या गेल्यानंतरचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, त्यानंतर मी त्याच्या घरी गेलो. आबा, म्हणजे सम्याचे वडील, ओट्यावर बसले होते. त्यांनी सम्याचा फोन माझ्यापुढे धरला.

"ओंकार, ह्यात लोकं काय म्हणत्यात ते वाच."

"जाऊ द्या आबा. पिक्चरवरनं भांडण आहे नुसतं."

"माझ्या पोराला म्हणत्यात न्हवं? मग वाच की."

आधी सम्याचं वाचलं. मग खालच्या कमेंट्स. शिव्या आल्या की मी पुढे सरकत होतो.

आबांच्या लक्षात आलं.
"गाळू नको."

वाचल्या. एका बापाला त्याच्या गेलेल्या पोराला पडलेल्या शिव्या मी मोठ्याने वाचून दाखवल्या. आबा जमिनीकडे बघत ऐकत होते.

तळाशी एकाने लिहिलं होतं, "भावा, आत्ता कळलं. सॉरी रे." सगळ्यात घाण शिव्या त्यानेच दिल्या होत्या.

"त्याला लिव्ह," आबा म्हणाले, "राग न्हाई म्हनावं."

मी लिहिलं. सम्यकचे वडील सांगतात, राग नाही.

आबांनी फोन माझ्याकडून परत घेतला. मग म्हणाले, "ह्यो पिच्चर अजून हाय का कुटं?"

तळेगावात होता. शेवटचा आठवडा, दुपारचा शो. आबा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून माझ्या गाडीवर मागे बसले. थिएटरात मोजकीच माणसं.

हिरोचा बाप मेला.
मी आबांकडे बघितलं नाही. हिंमतच झाली नाही.
मग तो जोक आला. पुढच्या रांगेतले दोघं हसले.

पिक्चर संपला. पार्किंगमध्ये आलो तेव्हा आबा पहिल्यांदा बोलले.

"सम्याचं चुकलं."

"काय आबा?"

"मानूस हसतो रं. आमी त्याला पोचवून परत आलो, तवा बगितलं तर माज्या पायात त्याचीच चप्पल. गडबडीत तीच घालून गेलतो. ही एवढी मोठी! फटाक फटाक वाजत व्हती. मला जे हसू आलं ना... थांबंनाच. लोकं बगाया लागली, बाप येडा झाला म्हनून."

मी गाडीची किल्ली हातात धरून उभा होतो.

"त्या हिरोला बी दुसरं काय सुदरलं नसंल. सम्या असता तर लय भांडलो असतो मी ह्याच्यावरनं."

 तिथेच, दोन गाड्यांच्या मध्ये, आबा खाली बसले. मीही बसलो.

घरी पोचलो तेव्हा मावशी, सम्याची आई, दारात तांदूळ निवडत होत्या.
"कसला व्हता पिच्चर?"

आबा त्यांच्यासमोर बसले आणि सगळी स्टोरी सांगितली. ते उडणं, ती पडलेली शहरं, तो बाप कसा मेला, पोरगं मग कसं लढलं. चाळीस वर्षांच्या संसारात एवढं सलग बोलले नसतील.
मावशींनी सगळं ऐकून घेतलं.

मग विचारलं,
"आन् त्या पोराची आई?"

आबांनी माझ्याकडे बघितलं. मी आठवून बघितलं. एवढा तीन तासांचा पिक्चर.

"तिला न्हाई दावली," आबा म्हणाले.

मावशींनी सूप पुढे ओढलं. सुपातले खडे काढत राहिल्या.

सम्या, त्या पिक्चरचा पुढचा भाग लागलाय. मी अजून गेलेलो नाही.

जय भीम, मित्रा. नीट राहा, जिथे असशील तिथे.