पिंपाच्या अलीकडे

आमच्या नदीला जमीन खायची खोड आहे. चार वर्षांत तिने व्हर्ना होकनसनच्या धावपट्टीचे तीनशे फूट गिळले, उरले साडेचारशे. अलास्कात नदीच्या या काठाला रस्ता नाही. पीठ, रॉकेल, औषध सगळं विमानाने वरून उतरतं. धावपट्टी गेली की घर सोडावं लागतं.

व्हर्ना एकाहत्तर वर्षांची. मासे डबाबंद करणाऱ्या कारखान्यात तीस वर्षं तिने दोनशे माणसांचा स्वयंपाक केला आणि त्या पगारातून दोन जणांचं एक जुनं कापडी विमान घेतलं, एकोणीसशे सेहेचाळीस सालचं. मी लोवेल, तिचा शेजारी. दोन वर्षांनी लहान आहे, म्हणून ती मला अजून पोराच म्हणते!

जूनमध्ये तिचा मुलगा डेल अँकरेजहून आला.

"आई, पुरे झालं आता. एक दिवस धावपट्टीच्या टोकाच्या झाडांत घुसशील. ऑगस्टमध्ये घर विकून टाकू."

"ऑगस्टमध्येच ये," व्हर्ना म्हणाली. "धावपट्टीच्या कडेला, तीनशे फुटांवर पिंप ठेवते. त्याच्या अलीकडे माझी चाकं जमिनीवरून सुटली, तर हा विषय परत काढायचा नाही. नाही सुटली, तर मीच सामान बांधते."

तिच्या विमानाला तेव्हा चारशे फूट लागायचे.

पण बाई लागली कामाला. पंखाच्या मागच्या कडेला बिजागऱ्यांवर वरखाली हलणाऱ्या फळ्या असतात. फळी आणि पंख यांच्यामध्ये बोटभर फट. हवा तिथून निसटते आणि वेग कमी असताना पंखात जोर राहत नाही. व्हर्नाने त्या फटी कापडाच्या पट्टीने बुजवल्या, विमानाच्या अंगाजवळच्या फळ्या चार बोटांनी वाढवल्या, शेपटीच्या फटीही बंद केल्या. प्रत्येक कागदावर सरकारी विमान तपासनिसाची सही घेतली. त्याने तीनदा परत पाठवलं, तिने चौथ्यांदा नेलं.

आता माझा पराक्रम ऐका. आमच्याकडे विमानाला भडक नारंगी रंग देतात, बर्फात पडलं तर शोधणाऱ्यांना दिसावं म्हणून. ती गावाला गेली असताना मी, अतिशहाणा, सुट्या काढलेल्या फळ्यांना नारंगी रंगाचे चांगले तीन हात दिले. वाटलं, खूश होईल.

तिने आल्या आल्या एक फळी बिजागऱ्यांवर टांगली. आडवी राहायला हवी होती, ती मागच्या बाजूला धपकन खाली गेली.

"लोवेल! अरे, मागे वजन वाढलं की वेगात ही फळी फडफडायला लागते, आणि पंखच तोडून नेते. मला शोधायची सोय केलीस, पण आधी मारायची केलीस की रे!"

आठवडाभर मी तो रंग खरवडत बसलो. तिने कॉफी तेवढी दिली. शेवटी मी एकच पातळ हात दिला, तिने पुन्हा टांगून पाहिलं. फळी आडवी राहिली.

ऑगस्टमध्ये डेल आला. समोरून चांगला वारा होता. व्हर्ना एकटी बसली आणि दोनशे वीस फुटांवर हवेत उठली. मी टोपी उडवली.

"रिकामं कोणीही उडवेल," डेल म्हणाला. "हिवाळ्याचं सामान भरून दाखव."

"खरं आहे तुझं. वजन किती रे तुझं?"

"दोनशे पौंड. का?"

"म्हणजे पिठाची चार पोती. बस मागे."

त्याचा चेहरा उतरला, पण बसला बिचारा. आईसमोर माघार कशी घेणार?

मी पिंपाला धरून उभा. इंजिन गरजलं, विमान उड्या मारत आलं. दोनशे फूट. अडीचशे. चाकं जमिनीवरच. देवा, माझा रंग! मग शेपटी वर आली, फळ्या खाली झुकल्या आणि चाकांखालून सूर्यप्रकाश दिसला. पिंप अजून वीस फूट पुढे होतं. विमान झाडांवरून आरामात गेलं. मी रडलो, लपवत नाही.

विमान उतरलं. डेल खाली आला, पिंपापाशी गेला, ते आडवं केलं आणि ढकलत आईच्या शेडपर्यंत घेऊन गेला.

"आई," तो म्हणाला, "या हिवाळ्यात पीठ किती लागेल? पुढच्या आठवड्यात गावच्या दुकानातून मीच घेऊन ठेवतो, तू विमानाने आण."

"आठ पोती," व्हर्ना म्हणाली. "आणि लोवेलला रंगाचा डबा तेवढा आणू नकोस."